वीस बाजूंचा फासा मागून, आधी चार सूत्रधार

पत्र

मी सोलापुरात, जुळे सोलापूर भागातल्या एका लहान सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. मे महिन्यात बालविभागातर्फे आम्ही दहा दिवसांचं शिबिर घेतोय, रोज दीड तास. यंदा मुलांना टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन गोष्ट रचत खेळायचे रोल-प्लेइंग गेम शिकवावेत असं मनात आहे. ११ ते १५ वयाच्या अठरा मुलांनी नावं दिली आहेत. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, “मावशी, डंजन्स अँड ड्रॅगन्सच घे, बाकी सगळं दुय्यम.” कार्यकारी मंडळाने पाच हजार रुपये मंजूर केलेत, पण एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, “वाचनालयात फासे? आणि राक्षस?” पुस्तकं सगळी इंग्रजीत आहेत. माझी निम्मी मुलं मराठी माध्यमाची आहेत. काहींच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या कन्नड, दोघांच्या दख्खनी. शिवाय सातवीतली एक मुलगी आहे. रोज येते, कोपऱ्यात बसून वाचते, कुणाशी एक शब्द बोलत नाही. तिच्या आईने तिचंही नाव घातलंय. कोणता खेळ घेऊ?

— एक ग्रंथपाल, सोलापूर

उत्तर

ताई,

सरळ उत्तर आधी देते. या मेमध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स, तो वीस बाजूंच्या फाशाचा खेळ, घेऊ नका. दिवाळीत घ्या, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात.

भाचा चुकीचं सांगत नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो खेळ काढला आणि हा सगळा प्रकार तिथूनच वाढला. पन्नास वर्षं टिकलेल्या खेळात काहीतरी दम असणारच. पण त्याची मुख्य पुस्तकं तीन आहेत, प्रत्येक तीनशे पानांच्या वर, आणि त्यातले शब्द इंग्रजी माध्यमाच्या मुलालाही अडखळवतील असे. तुमच्याकडे रोजचा दीड तास आहे. पहिले दोन दिवस पात्रं तयार करण्यात जातील, तिसऱ्या दिवशी कुठे गोष्ट सुरू होईल, आणि तोवर अठरातली सहा मुलं पोहायला जायला लागतील.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयात मी हाच खेळ घेऊन गेले होते. तयारी जोरात होती, रंगीत पत्रकं छापून नेली होती. सात मुलं आली. अडीच तास आम्ही पात्राची ताकद, चपळाई आणि शस्त्रांची यादी भरत बसलो, आणि निघायची वेळ झाली तेव्हा गोष्टीतलं एकही दार उघडलं नव्हतं. पुढच्या रविवारी तिघंच आली. एका मुलाने मला विचारलं होतं, “मॅडम, खेळ कधी सुरू होणार?” तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे, आणि कुठलाही खेळ निवडताना मी तोच पहिला लावते. पहिलं “काय करतोस?” किती मिनिटांत विचारलं जातं? वाचनालयात ते दहा मिनिटांच्या आत यायला हवं.

ज्या वाचकांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. एक जण सूत्रधार होतो, इंग्रजीत त्याला गेम मास्टर म्हणतात. तो सांगतो, “तुम्ही गिरणीच्या फाटकाशी उभे आहात. रात्र आहे. कुलूप गंजलंय. काय करता?” बाकीचे एकेका पात्राच्या तोंडून उत्तर देतात. जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासा टाकायचा. त्यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. भातुकलीला नियम लावले आणि वय वाढवलं की जे होईल, ते हे.

आता तुमचं गणित. एका टेबलावर सूत्रधार सोडून चार-पाच मुलं, सहाव्या मुलाला आपली पाळी येईपर्यंत कंटाळा येतो. अठरा मुलं म्हणजे चार टेबलं. चार टेबलं म्हणजे चार सूत्रधार. पत्रात तुम्ही मला खेळ विचारलात, पण ही चार माणसं कोण हे कुठेच लिहिलं नाहीत. तुम्ही एकट्या आणि अठरा मुलं असा बेत असेल, तर जगातला कुठलाही खेळ आणा, तो पडेल.

माणसं सोलापुरात आहेत. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका करणारी पोरंपोरी, हुतात्मा स्मृती मंदिरात विंगेत उभं राहून दुसऱ्याचे संवाद पाठ करणारी, शाळेच्या नाटकाला पडदे ओढणारी, ती शोधा. त्यांना उत्स्फूर्त बोलता येतं आणि समोरच्याला बोलू देता येतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नियम पाठ असलेला पण स्वतःच बोलत राहणारा सूत्रधार मुलांना श्रोते करून टाकतो. भाच्याला बोलवा, जरूर बोलवा, पण त्याला आधी सांगा की त्याने त्याचा आवडता खेळ बाजूला ठेवून तुमचा खेळ चालवायचाय. शिबिराआधी दोन संध्याकाळी या चौघांना वाचनालयात बसवून तुम्हीच त्यांच्यासोबत खेळा. नुसतं वाचून हे येत नाही. खेळल्यावर येतं.

चार माणसं मिळाली असं धरून खेळांकडे येते.

पहिल्या दोन दिवसांसाठी ग्रँट हॉविट यांचा ‘हनी हाइस्ट’ घ्या. सगळे नियम एका पानात आहेत. मुलं होतात अस्वलं, आणि त्यांना मधाच्या एका भल्यामोठ्या प्रदर्शनातून मध पळवायचा असतो. प्रत्येक अस्वलाला दोनच गुण, एक अस्वलपणा आणि एक चोरपणा, सुरुवातीला दोन्ही तीन. फासा टाकायचा, त्या गुणाइतका किंवा कमी आकडा आला की जमलं. बेत फसला की चोरपणातला एक गुण अस्वलपणात जातो, बेत साधला की उलटा. कुठलाही गुण सहावर गेला की ते अस्वल खेळातून गेलं: एक तर पुरतं जंगली झालं, नाहीतर पुरतं बदमाश. याचं शहाणपण पाहा. बाराव्या मिनिटाला कुणीतरी काउबॉयची टोपी घालून स्वयंपाकघरात घुसलेलं असतं (टोपी कुठली हेही फाशावर ठरतं) आणि बाकीची अस्वलं त्याला खिडकीतून खुणा करत असतात. लाजरं मूलही अस्वल व्हायला तयार होतं, कारण चांगलं अस्वल कसं असतं हे कुणालाच माहीत नसतं. मंडळातल्या कुणाला चोरी खटकली, तर मध मूळचा अस्वलांचाच होता आणि तो परत आणायचाय, एवढा बदल करा. मुलांना काही फरक पडत नाही.

याच जातीचा जॉन हार्पर यांचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ आहे, तोही एका पानाचा. प्रत्येकाने दोन ते पाचमधला एकच आकडा निवडायचा. डोक्याने, हिशोबाने करायचं काम असेल तर फासा त्या आकड्याच्या खाली पडायला हवा. मनाने, बोलून-समजावून करायचं असेल तर वर. बरोबर तोच आकडा आला की सूत्रधाराला एक प्रश्न विचारायचा, आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. मूळ गोष्ट अवकाशयानातली आहे. तेराच्या वरच्या मुलांना ती आवडते. लहानांना अस्वलंच द्या.

तिसऱ्या दिवसापासून मात्र एकाच खेळावर स्थिर व्हा. रोज नवा खेळ आणण्याचा मोह होतो, शिबिराच्या पत्रकावर ते छानही दिसतं, पण मुलं नियम शिकण्यात दमतात आणि गोष्टीत मुरत नाहीत. माझी पसंती ‘फेट अ‍ॅक्सिलरेटेड’ला आहे, आणि त्याचं कारण थोडं मराठीच्या बाजूचं आहे. इतर खेळांत पात्राला ताकद, बुद्धी असे गुण असतात. इथे सहा पद्धती आहेत: काळजीपूर्वक, हुशारीने, रुबाबात, जोराने, झटकन, गुपचूप. एका पद्धतीला +३, दोन पद्धतींना +२, दोन पद्धतींना +१, उरलेल्या एकीला शून्य. एवढं वहीच्या अर्ध्या पानावर मावतं. मूल म्हणतं, “मी दार उघडतो.” सूत्रधार विचारतो, “कसं उघडतोस?” आणि मुलाला क्रियाविशेषण शोधावं लागतं. झटकन उघडतो की गुपचूप? गुपचूप उघडलं तर मागून येणाऱ्याला कळणार नाही, पण वेळ लागेल. भाषेच्या तासाला जे शिकवताना घसा कोरडा पडतो, ते इथे पोरं भांडून वापरतात. त्याचे फासे वेगळे मिळतात, दोन बाजूंना अधिक, दोन उणे, दोन कोऱ्या, असे चार. विकत घेऊ नका. लुडोचे चार फासे घ्या. एक-दोन म्हणजे उणे, तीन-चार कोरं, पाच-सहा अधिक.

भाषेचा प्रश्न इथेच सुटतो. फेट अ‍ॅक्सिलरेटेडचे नियम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली आहेत. म्हणजे मूळ कर्त्याचा आणि परवान्याचा उल्लेख ठेवून तुम्ही त्यांचं मराठी करू शकता, छापू शकता, वाटू शकता. तुम्ही आणि तुमचे चार सूत्रधार मिळून दोन पानांचा मराठी सारांश करा. हे काम त्या दोन संध्याकाळींतच होईल, आणि करता करता नियमही पाठ होतील. योचाई गाल यांचा ‘केर्न’ हाही असाच खुला खेळ आहे, जंगलातल्या भटकंतीचा, फक्त तिथे अट अशी की तुम्ही केलेलं रूपांतरही त्याच परवान्याने खुलं ठेवायचं. भाच्याच्या समाधानासाठी सांगते, २०२३च्या जानेवारीत डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियमही क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये आले. ते चारशेच्या आसपास पानांचे आहेत. त्याला मराठीची हौस असेल तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यातली पंधरा-वीस पानं करून दे म्हणावं, मी मनापासून वाचीन. बाकी खेळांच्या बाबतीत मात्र परवाना पाहिल्याशिवाय भाषांतर छापू नका. टेबलाशी बसून तोंडी मराठीत समजावून सांगणं वेगळं, ते खुशाल करा.

एका गोष्टीचा आग्रह धरते. नियम मराठीत असले तरी टेबलाची भाषा मोकळी ठेवा. तुमच्या पूर्व भागातलं मूल विणकर आजीचं पात्र करत असेल आणि ती आजी तेलुगूत रागावत असेल, तर रागावू दे. शेजारचा विचारेल, “काय म्हणाली?” आणि ते मूल भाषांतर करेल. सोलापूरच्या गल्लीत चार भाषा एकमेकींच्या अंगावरून रोज जातात, वर्गात मात्र मुलं त्यातल्या तीन दाराबाहेर ठेवून येतात. या खेळात त्यांना आत यायला जागा मिळते. माझ्या पाहण्यात, घरच्या भाषेत एक वाक्य बोलायची मुभा मिळाली की गप्प मुलांची जीभ सुटते.

आता फासे. त्या ज्येष्ठ सदस्यांचा प्रश्न उडवून लावू नका. आपल्याकडे फासा म्हटलं की द्यूतसभा डोळ्यांपुढे येते, आणि ती येण्यात काही वावगं नाही. त्यांना एवढंच सांगा की द्यूतातला दोष पणाला लावण्यात होता, आणि या खेळात कुणी कुणाविरुद्ध काहीही पणाला लावत नाही. मग त्यांना शिबिराच्या पहिल्या दिवशी खेळायला बोलवा. आणि सोबत चिंचोके ठेवा.

हे गंमत म्हणून लिहीत नाही. एका बाजूने घासून पांढरे केलेले चार चिंचोके हे उत्तम साधन आहे. त्यांच्या पिढीने पटावर चल्लस खेळताना ते हजार वेळा टाकले असतील. चार चिंचोके टाकले की सोळा शक्यता होतात: चारही काळे एकदा, एक पांढरा चारदा, दोन पांढरे सहादा, तीन पांढरे चारदा, चारही पांढरे एकदा. यावरून मी एक घरगुती नियम केला आहे. तीन किंवा चार पांढरे पडले की “हो, जमलं.” दोन पडले की “जमलं, पण…” एक किंवा एकही नाही, तर “नाही, आणि आता नवी अडचण.” सोळात पाच, सहा आणि पाच असा जवळजवळ समान वाटा पडतो. घासलेला चिंचोका अगदी सम नसतो, तेव्हा आधी फरशीवर वीस-तीस वेळा टाकून पाहा. एकाच बाजूला फार पडत असेल तर बदला.

त्यातला मधला “जमलं, पण…” फार मोलाचा आहे. ही कल्पना माझी नाही. २०१०मध्ये व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांनी काढलेल्या एका खेळाने ती सगळीकडे रुजवली. खेळ प्रौढांचा आहे, मुलांसाठी नाही, म्हणून कल्पना तेवढी घ्यायची. तिथे दोन फाशांची बेरीज दहा किंवा जास्त आली तर निखळ यश, सात ते नऊ आली तर यश पण किंमत मोजून. कुलूप उघडलं, पण किल्ली आत मोडली. पहारेकऱ्याने सोडलं, पण तुझं नाव लिहून घेतलं. गोष्ट पुढे जाते ती अशा किमतींवर. तुमच्या सूत्रधारांना तयारीच्या दोन संध्याकाळी हाच एक सराव द्या: दहा प्रसंग आणि प्रत्येकाला तीन वेगवेगळे “पण”.

राक्षसांचं म्हणाल, तर १९८०च्या दशकात अमेरिकेतही पालकांनी या खेळांविरुद्ध मोठी ओरड केली होती, सैतानाची पूजा वगैरे आरोप झाले. ते वादळ ओसरलं, आणि २००८पासून तिथल्या ग्रंथालय संघटनेने वाचनालयांत खेळांचा खास दिवस पाळायला सुरुवात केली. मंडळाच्या बैठकीत ही माहिती कामी येईल. पण मला विचाराल तर तुम्हाला राक्षस लागणारच नाहीत, कारण तुमच्या गावातच गोष्टी पडून आहेत.

एक गोष्ट तुमच्यासाठी बांधून देते. नाव ‘भोंगा’. सोलापुरातली जुनी गिरणी १८७७ सालची. गिरण्यांच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं तुमच्या मुलांच्या घरात अजून आहेत, आजोबा तरी, पणजी तरी. खेळातली गिरणी काल्पनिक ठेवा, नावही काल्पनिक द्या. गिरणी कित्येक वर्षांपूर्वी बंद पडली आहे, यंत्रं भंगारात गेली आहेत, आणि एका रात्री तीन वाजता भोंगा वाजतो. सगळ्या वस्तीला ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी कुणीच त्याबद्दल बोलत नाही, मुलांपुरताच तो खरा. पात्रं म्हणजे याच वस्तीतली चार मुलं. सुरुवात थेट फाटकापाशी करा. घरातून निघणं, परवानगी काढणं, डबा भरणं यात अर्धा तास जाईल, ते कापा. आत काय आहे हे मी ठरवलेलं नाही, तुम्हीही ठरवू नका. तिथे फक्त तीन गोष्टी ठेवा: एक ताजा विणलेला चादरीचा तुकडा, एक हजेरीपट ज्यात आजच्या तारखेची सही आहे, आणि जिन्यावरून कुणीतरी उतरण्याचा आवाज. बाकी मुलं सांगतील. ‘भोंगा’च्या पहिल्या दिवशी मुलांनी घरी जाऊन एकच काम करायचं, घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, भोंगा वाजला की तुमच्या घरात काय व्हायचं? दुसऱ्या दिवशी ती उत्तरं गोष्टीत येतील.

लहान गटासाठी नान्नज, तुमच्या जवळचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य. माळढोकाची मादी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरट्याशिवाय. मुलं काळवीट, टिटवी, कोल्हा, घोरपड अशी पात्रं घेतील, आणि ते एक अंडं रात्रभर सांभाळायचंय. लढाई नाही, तरी प्रत्येक क्षणाला काहीतरी पणाला लागलेलं आहे. आयझॅक विल्यम्स यांचा ‘माउसरिटर’ हा उंदरांच्या साहसाचा खेळ चाळून पाहा. सामानाचे चौकोन कापून पात्राच्या कागदावर मांडायचे आणि जागा संपली की काहीतरी टाकून द्यायचं, ही त्याची युक्ती लहान मुलांना फार आवडते. ती इथे उचला.

दोन ठिकाणी मात्र पाय टाकू नका. गावातल्या श्रद्धास्थानांना खेळात आणू नका. सिद्धेश्वर, नंदीध्वज, गड्ड्याची यात्रा ही गोष्टीची पार्श्वभूमी म्हणून चालेल, गर्दीत हरवलेलं पात्र शोधणं चालेल, पण देवाचं पात्र कुणी करायचं नाही. आणि चार हुतात्म्यांची गोष्ट फाशावर टाकायची नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. १९३०च्या मार्शल लॉचं सोलापूर हा नाट्यमय विषय आहे, एकांकिकावाल्या मुलांना त्याचा मोह होईलच. पण तिथे “जमलं, पण…” म्हणता येत नाही. ती गोष्ट वाचायची, सांगायची, चौकात जाऊन उभं राहायचं.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल. सुरुवात करण्याआधी प्रत्येक टेबलावर पाच मिनिटं एकच प्रश्न: आपल्या गोष्टीत काय नको? साप नको, कुत्र्याचा मृत्यू नको, भांडणारे आईबाप नको, जे सांगतील ते लिहून घ्यायचं, कारण विचारायचं नाही. कुणाला बोलून सांगायचं नसेल त्याच्यासाठी चिठ्ठी. आणि टेबलाच्या मध्ये फुली मारलेलं एक कार्ड. जॉन स्टाव्रोपोलस यांनी ही पद्धत काढली, एक्स-कार्ड म्हणतात तिला. कुणीही त्या कार्डावर बोट ठेवलं की चाललेला प्रसंग तिथेच सोडून गोष्ट दुसरीकडे वळवायची, खुलासा मागायचा नाही. सूत्रधाराने पहिल्या दिवशी स्वतः एकदा ते वापरून दाखवावं, नाहीतर मुलं त्याला हात लावत नाहीत. भयाचे आणि गुन्हेगारीचे जे नावाजलेले खेळ आहेत, ‘कॉल ऑफ क्थुलू’, ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’, ‘फियास्को’, ते चांगले असतील, आहेतच, पण या वयाला ते नकोत.

मंडळात आणखी एक प्रश्न येईल: याचा वाचनाशी काय संबंध? उत्तर बोलून देऊ नका, हातात द्या. प्रत्येक टेबलावर रोज एक मूल बखरकार होईल. आज काय घडलं ते एका पानात लिहायचं, त्याच दिवशी, वाचनालयातून निघण्याआधी. दहा दिवस, चार टेबलं, चाळीस पानं. त्याचं हस्तलिखित करा, चित्रं काढायला लावा, मुखपृष्ठ बांधा आणि दर्शनी टेबलावर ठेवा. आपल्या वाचनालयांना हस्तलिखितांची परंपरा आहे, ज्येष्ठ सदस्यांनी स्वतः त्यात कधीतरी लिहिलं असेल. शिवाय टेबलाशेजारी रोज पाच-सहा पुस्तकं ठेवा, गोष्टीला लागून असलेली: पक्ष्यांची, जुन्या सोलापूरची, यंत्रांची. घ्या म्हणू नका, नुसती ठेवा.

पाच हजारांचं सांगते. लुडोचे फासे, चार्ट पेपर, रंग, झेरॉक्स, पत्त्यांचे दोन कॅट, फुलीची कार्डं, हे सगळं हजार-दीड हजारात नवी पेठेतून येईल. परदेशी पेट्या मागवू नका, त्या वेळेवर येतीलच असं नाही. उरलेल्या पैशांतून चार सूत्रधारांना येण्याजाण्याचा खर्च आणि रोजचा चहा-नाश्ता द्या. मुलांना माठाचं पाणी आणि सरबत. आणि वेळ सकाळी आठची ठेवा. सोलापुरात मेमध्ये अकरानंतर मुलाला घराबाहेर काढणं बरोबर नाही.

शेवटी ती कोपऱ्यातली मुलगी. तिला पहिल्या दिवशी कुठल्याच टेबलावर ढकलू नका. एव्हरी अ‍ॅल्डर यांचा ‘द क्वाएट इयर’ नावाचा खेळ आहे. त्यात सूत्रधार नाही, फासे जवळजवळ नाहीत. पत्त्यांची बावन्न पानं म्हणजे वर्षाचे बावन्न आठवडे, चार रंग म्हणजे चार ऋतू. पान उलटायचं, त्यावर ठरलेला प्रश्न वाचायचा, आणि उत्तर मधल्या कागदावर काढायचं. विहीर कुठे, वाट कुठून, कुणाचं घर जळालं. अख्खा खेळ तीन-चार तासांचा आहे आणि त्याचा सूर थोडा उदास आहे, मुलांसाठी तो पूर्ण घेऊ नका. त्यातली नकाशाची रीत तेवढी घ्या. ‘भोंगा’च्या टेबलावर मोठा चार्ट पेपर पसरा आणि वस्तीचा नकाशा काढायचं काम तिला द्या. तिने बोलायचं नाही, कुणी तिला बोल म्हणायचं नाही. बाकीची मुलं खेळता खेळता तिलाच विचारतील, “फाटकाच्या मागे काय आहे?” कारण नकाशा तिच्याकडे असेल. ती पेन्सिलीने दाखवेल. तेवढं पुरे. सूत्रधाराला आधी सांगून ठेवा की तिने जे काढलं ते खरं, मग तुमच्या डोक्यात दुसरं काही का असेना. चार दिवसांनी ती बोलली तर बोलली, नाही तर दहाव्या दिवशी हस्तलिखिताच्या मुखपृष्ठावर तो नकाशा लावा, आणि खाली तिचं नाव लिहायचं का, हे तिला विचारून घ्या.